नोकरीच्या ठिकाणी जाण्या-येण्याचा खर्च आयकरात वजा करता येतो का?

आपण विचारले आहे की, डोंबिवलीहून घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मरोळ नाक्यापर्यंत मेट्रो आणि पुढे सीप्झपर्यंत शेअर रिक्षा यांवर महिन्याला साडेतीन हजार रुपये, म्हणजे वर्षाला 42,000 रुपये जातात, तर 2024-25 या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्रात ते पगारातून वजा करता येतील का. ओळखीचा एक एजंट ‘पास जोडा, रिफंड काढून देतो’ असे म्हणतो, हेही आपण लिहिले आहे. मी एकवीस वर्षे अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या पगार विभागात काम केले आणि दर मार्च महिन्यात हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतच असे.

पगारदाराला हा खर्च स्वतंत्रपणे वजा करता येत नाही, जुन्या कररचनेत नाही आणि नव्यातही नाही. 2024-25 ला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 16 पगाराच्या उत्पन्नातून तीनच गोष्टी वजा करू देते : प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्चाचा पुरावा न मागता मिळणारी ठरावीक रक्कम), सरकारी कर्मचाऱ्यांचा करमणूक भत्ता आणि व्यवसाय कर. व्यवसाय कर म्हणजे महाराष्ट्रात बहुतेकांच्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात ती रक्कम, आणि तीही फक्त जुन्या कररचनेत वजा होते. रेल्वेचा पास यांपैकी कशातच बसत नाही, कारण कामावर पोहोचेपर्यंतचा प्रवास हा कायद्याच्या दृष्टीने कामाचा भाग नसून आपला वैयक्तिक खर्च आहे.

पूर्वी थोडा दिलासा होता. कंपनीने दिलेल्या वाहतूक भत्त्यापैकी महिन्याला 800 आणि 2015-16 पासून 1,600 रुपये करमुक्त असत, आणि त्यासाठी पास किंवा पावती दाखवावी लागत नसे. 2018-19 पासून ती 19,200 रुपयांची वार्षिक सूट आणि वैद्यकीय खर्चाच्या परताव्यावरची 15,000 रुपयांची सूट या दोन्ही काढून त्यांच्या जागी 40,000 रुपयांची प्रमाणित वजावट आली. ती पुढच्याच वर्षी 50,000 झाली आणि 2024-25 पासून नव्या कररचनेत 75,000 आहे. म्हणजे आपल्या प्रवासखर्चाचा विचार याच रकमेत झालेला आहे, आणि फॉर्म 16 च्या, म्हणजे कंपनी दरवर्षी देते त्या पगार व करकपातीच्या प्रमाणपत्राच्या, भाग ‘ब’मध्ये कलम 16(ia) समोर ती आपल्याला दिसेल. कार्यालयाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्यालाही तेवढीच वजावट मिळते आणि सकाळी सातची गाडी दारात लटकून पकडणाऱ्यालाही तेवढीच, हे मला आजही न्याय्य वाटत नाही, पण नियम तसा आहे.

अनेक कंपन्यांच्या पगारपत्रकावर ‘वाहतूक भत्ता 1,600’ ही ओळ अजूनही छापली जाते आणि त्यामुळे तो करमुक्त असावा असा समज होतो. तो पूर्णपणे करपात्र आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. दृष्टिहीन, मूकबधिर किंवा पायांच्या अपंगत्वामुळे चालण्यास अडचण असलेल्या कर्मचाऱ्याला कंपनी वाहतूक भत्ता देत असेल, तर 2024-25 साठी त्यातील महिन्याला 3,200 रुपये दोन्ही कररचनांत करमुक्त राहतात, तेही प्रमाणित वजावटीखेरीज. आमच्याकडे पोलिओमुळे कुबडी घेऊन येणारे एक सहकारी होते. त्यांच्या पगाररचनेत हा भत्ताच नव्हता. तो मूळ पगाराबाहेरच्या इतर भत्त्यांतून वेगळा काढून दाखवला, तेव्हा सीटीसी (कंपनीचा त्यांच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) एका रुपयाने न वाढता वर्षाला 38,400 रुपयांवरचा कर वाचला. हा बदल विवरणपत्र भरताना जुळवता येत नाही, तो पगार विभागाकडूनच करून घ्यावा लागतो.

कंपनीने घर ते कार्यालय बस किंवा गाडी दिली असेल, तर त्या सोयीवर कर लागत नाही. तसेच कार्यालयात पोहोचल्यानंतर कामासाठी बँकेत, ग्राहकाकडे किंवा दुसऱ्या शाखेत जावे लागत असेल आणि त्यासाठी भत्ता मिळत असेल, तर त्यातील प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम दोन्ही कररचनांत करमुक्त असते. अशा फेऱ्यांची तारीख, ठिकाण आणि भाडे एका वहीत लिहून ठेवावे व तिकिटे जपून ठेवावीत. मात्र डोंबिवली ते सीप्झ हा आपला प्रवास या भत्त्यात घालू नये.

एजंटविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. पास जोडायला विवरणपत्रात रकानाच नाही, त्यामुळे अशी माणसे ती रक्कम एखाद्या करमुक्त भत्त्यात किंवा दुसऱ्याच वजावटीत दडवतात. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्याचे सिद्ध झाले, तर बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो, आणि नोटीस आपल्याच नावाने येते. तसे विवरणपत्र आधीच भरले गेले असेल, तर नोटिशीची वाट न पाहता अद्ययावत विवरणपत्र भरून राहिलेला कर, व्याज आणि अतिरिक्त कर भरून टाकावा.