सोलापुरातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिलिकॉन चिपवर फ्रिक्वेन्सी कोम्ब मिळवता येईल का? काय काय लागेल?

येईल. फ्रिक्वेन्सी कोम्ब म्हणजे एका लेझरपासून मिळणाऱ्या, कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या प्रकाशाच्या रेषा. चिपवरच्या बारीक रिंगमध्ये प्रकाश फिरत राहिला की त्या उठतात. हे जमेल, पण चिप सोलापुरात बनणार नाही आणि शुद्ध सिलिकॉनची चिप घेऊही नका. तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी चिप स्वतः बनवायची, तिच्यात १५५० नॅनोमीटरचा लेझर सोडायचा आणि ऑप्टिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर (कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश ते दाखवणारं यंत्र) रेषा मोजायच्या. यातला चिप बनवण्याचा भाग सोडून द्या. फायबरमधला प्रकाश चिपमध्ये घालणं आणि उष्णता आवरणं यातच सगळा वेळ जाणार आहे, आणि खरं शिकायचंही तिथेच आहे.

सिलिकॉन का नको ते आधी सांगतो. १५५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, दोघांची मिळून १.६. सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२. त्यामुळे पॉवर वाढवली की सिलिकॉन दोन-दोन फोटॉन एकदम गिळतं, त्यातून मोकळे इलेक्ट्रॉन आणि होल तयार होतात आणि तेही प्रकाश शोषत राहतात. शुद्ध सिलिकॉनच्या रिंगमध्ये कोम्ब मिळालेले आहेत, पण २.२ मायक्रॉनच्या पुढच्या तरंगलांबीला. तिथे टेलिकॉमचे सहज मिळणारे फायबर, अ‍ॅम्प्लिफायर, कपलर काही कामाचे नाहीत. म्हणून वेफर सिलिकॉनचाच, पण त्यावर सिलिकाचं आवरण आणि आत सिलिकॉन नायट्राइडचा गाभा अशी चिप घ्या. नायट्राइडचा बँडगॅप ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आहे, दोन फोटॉन गिळण्याचा प्रश्नच येत नाही.

मग नायट्राइडची चिप तरी स्वतः का बनवू नये? कारण १५५० ला अ‍ॅनॉमलस डिस्पर्शन (जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रकाश जास्त वेगाने जाणं, सॉलिटॉनवाल्या कोम्बला ते लागतं) हवं असेल तर गाभा साधारण ८०० नॅनोमीटर जाड लागतो, आणि एलपीसीव्हीडीने, म्हणजे कमी दाबाच्या भट्टीत वायूंपासून, बसवलेला नायट्राइडचा थर ४०० नॅनोमीटरच्या आसपास गेला की स्वतःच्याच ताणाने तडकायला लागतो. तो ताण १ गिगापास्कलच्या वर असतो. तडे अडवायला वेफरवर आधी चर कोरून ठेवावे लागतात, किंवा आधी सिलिकात खाचा करून त्यात नायट्राइड भरायचं आणि वरून घासून सपाट करायचं अशी डमासीन पद्धत वापरावी लागते. शिवाय थरात अडकलेल्या हायड्रोजनचे नायट्रोजनशी बंध १५२० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतात. ते घालवायला १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास अ‍ॅनीलिंग करावं, म्हणजे तापवत ठेवावं लागतं. स्वित्झर्लंडच्या लिजेनटेकसारख्या फाउंड्रीत, म्हणजे इतरांच्या चिप बनवून देणाऱ्या कारखान्यात, ८०० नॅनोमीटर जाडीच्या नायट्राइडवर सामाईक वेफरमध्ये जागा मिळते, एका छोट्या तुकड्यावर वीस-तीस रिंगा सहज बसतात. त्याआधी बेंगळुरूच्या आयआयएस्सीत किंवा आयआयटी मुंबई, मद्रासमध्ये फोटॉनिक्सवर काम करणाऱ्या गटाला मेल टाकून एखादा वापरून झालेला तुकडा मिळतो का ते विचारा. उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच बेंगळुरूला जाते. शक्य असेल तर चिप आणायला स्वतः जा, त्यांचं कपलिंग, म्हणजे फायबरमधला प्रकाश चिपमध्ये घालणं, डोळ्यांनी बघा, मग परत या.

चिप मागताना रिंगची फ्री स्पेक्ट्रल रेंज, म्हणजे शेजारच्या दोन रेझोनन्समधलं (रिंगमध्ये प्रकाश साठतो त्या फ्रिक्वेन्सींमधलं) अंतर, १०० गिगाहर्ट्झ मागा. नायट्राइडमध्ये ग्रुप इंडेक्स (प्रकाशाचा स्पंद किती पट हळू जातो तो आकडा) २.१ धरला तर परिघ १.४३ मिलिमीटर, त्रिज्या २३० मायक्रॉनच्या जवळ. १५५० ला हे अंतर ०.८ नॅनोमीटर होतं, म्हणजे साध्या अ‍ॅनलायझरवरही रेषा सुट्या दिसतात. गाभ्याची रुंदी दीड मायक्रॉनच्या पुढे ठेवा. रिंग आणि तिच्या शेजारून प्रकाश नेणारी वाट, म्हणजे बस वेव्हगाइड, यांच्यातली फट मात्र एकच ठेवू नका. चार-पाच वेगवेगळ्या फटींच्या रिंगा घ्या, कारण क्यू (रिंग प्रकाश किती वेळ धरून ठेवते त्याचं माप) त्यावर अवलंबून असतो आणि थ्रेशोल्ड पॉवर, म्हणजे कोम्ब सुरू व्हायला लागणारी किमान पॉवर, क्यूच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. या आकाराच्या रिंगचा लोडेड क्यू (बस जोडलेली असतानाचा) १० लाख असेल तर थ्रेशोल्ड ३० ते ४० मिलीवॅट येते, ३० लाख असेल तर ४ मिलीवॅटच्या आसपास. बजेट याच आकड्यावर ठरतं, तुम्हाला १ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लागणार की २०० मिलीवॅटचा पुरणार. दोन्ही कडांना इन्व्हर्स टेपर (फायबरशी जुळायला कडेकडे निमुळता होणारा वेव्हगाइड) आणि जमलं तर रिंगवर मायक्रोहीटरही (बारीक तापक) मागून घ्या.

आता कपलिंग. लेन्स्ड फायबरचा, म्हणजे टोकाला भिंग घडवलेल्या फायबरचा, ठिपका सुमारे अडीच मायक्रॉनचा असतो. टेपरचा मोडही (त्यातल्या प्रकाशाचा ठिपका) तेवढाच धरला तर फायबर १ मायक्रॉन बाजूला सरकला की जवळपास निम्मी पॉवर जाते. अर्ध्या मायक्रॉनला पंधरा टक्के. म्हणून दोन्ही बाजूंना पिएझोचे (विजेने अतिसूक्ष्म सरकणारे) तीन अक्षांचे स्टेज हवेत. आधी लाल पेन लेझर, म्हणजे फायबर तुटलाय का ते बघायचा ६५० नॅनोमीटरवाला, फायबरला लावा. वरून मायक्रोस्कोपमध्ये वेव्हगाइड लाल उजळला की तुम्ही जवळ आलात. मग १५५० चा १ मिलीवॅट लावून पॉवर मीटरवर कमाल गाठा. एका कडेला ३ डेसिबलच्या आत तोटा आला तर उत्तम. त्यानंतर लेझर हळू स्कॅन करत पोलरायझेशन कंट्रोलरची पॅडल फिरवा, म्हणजे टीईचे (चिपच्या पृष्ठाला समांतर पोलरायझेशनचे) डिप, रेझोनन्सवर ट्रान्समिशनमध्ये पडणारे खड्डे, खोल आणि टीएमचे (उभ्या पोलरायझेशनचे) नाहीसे होतील.

क्यू मोजायला महागडं काही लागत नाही. दोन ५०:५० कपलर आणि एका हातात १० मीटर जास्तीचा पॅचकॉर्ड घालून माख-झेंडर इंटरफेरोमीटर जोडा. त्याची फ्रिंज (प्रकाशाचा एक चढ-उतार) २० मेगाहर्ट्झला एक पडते. लेझर स्कॅन होत असताना डिप आणि फ्रिंजा एकाच ऑसिलोस्कोपवर घ्या. डिपच्या अर्ध्या खोलीवरच्या रुंदीत दहा फ्रिंजा आल्या तर रुंदी २०० मेगाहर्ट्झ, क्यू १० लाखाला थोडा कमी. या मोजणीत चिपवर १०० मायक्रोवॅटच्या खाली राहा, नाहीतर रिंग तापून डिपचा त्रिकोण होतो आणि क्यू खोटा निघतो.

पॉवर वाढवताना लेझर रेझोनन्सपासून दूर ठेवा. अ‍ॅम्प्लिफायरनंतर बँडपास फिल्टर घाला, नाहीतर त्याचा स्वतःचा नॉइज कोम्बच्या तळाशी ढिगासारखा दिसतो आणि कमजोर रेषा त्यातच बुडतात. चिपच्या पुढे डिटेक्टरकडे जाताना पंप, म्हणजे आत सोडलेला मूळ लेझर, काढून टाकणारा नॉच फिल्टर हवा. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना कनेक्टर कधीही उघडू नका, टोक जळतं. १५५० डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे त्या तरंगलांबीचा गॉगल घातल्याशिवाय टेबलाजवळ उभं राहायचं नाही.

यानंतर लेझर निळ्या बाजूकडून लाल बाजूकडे, म्हणजे तरंगलांबी वाढवत न्या. आधी दूरदूर दोन-चार रेषा उठतात, मग मधल्या जागा भरतात आणि अ‍ॅनलायझरवर भरगच्च कोम्ब दिसतो. इथे बरेच जण थांबतात, फोटो काढतात आणि रिपोर्ट लिहितात. थांबू नका. तो कोम्ब गोंगाटाचा असतो. डिटेक्टरचा सिग्नल आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) अ‍ॅनलायझरवर घेतला की शून्यापासून काही शे मेगाहर्ट्झपर्यंत नॉइज फुगलेला दिसेल. आपल्याला हवा तो सॉलिटॉन, म्हणजे रिंगमध्ये आकार न बदलता फिरत राहणारा प्रकाशाचा स्पंद, आणि तो आणखी पुढे, रेझोनन्सच्या लाल बाजूला, ट्रान्समिशनमधल्या छोट्या पायरीवर मिळतो.

अडचण अशी की पायरीवर येताच रिंगमधली सरासरी पॉवर एकदम पडते. रिंग गार होते, रेझोनन्स निळ्या बाजूला सरकतो आणि लेझर मागे राहून सॉलिटॉन विझतो. हे सगळं मायक्रोसेकंदांत घडतं, नॉब फिरवणारा हात तिथे पोचत नाही. २०१४ मध्ये मॅग्नेशियम फ्लोराइडच्या स्फटिकात सॉलिटॉन पहिल्यांदा दाखवले गेले, नायट्राइडच्या चिपवर ते २०१६ ला आले. मधल्या वर्षांतली बरीचशी झुंज या उष्णतेशीच होती. उपाय अनेक आहेत: लेझर झपाट्याने पळवणं, पंप क्षणभर तोडून पुन्हा देणं, मायक्रोहीटरचा करंट झटकन कमी करणं. कॉलेजच्या लॅबसाठी मी दुसरा लेझर सुचवेन. दोन सर्क्युलेटर (येणारा आणि जाणारा प्रकाश वेगळा करणारे भाग) वापरून तो उलट दिशेने चिपमध्ये सोडा आणि पंपापासून दूरच्या एखाद्या रेझोनन्सच्या निळ्या बाजूला बसवा. पंपाची पॉवर पडून रिंग गार व्हायला लागली की रेझोनन्स या लेझरच्या जवळ येतो, त्याची जास्त पॉवर आत शिरते आणि एकूण उष्णता टिकते. मग हाताने सावकाश ट्यून केलं तरी पायरी सापडते. दुसरा लेझर आणि त्याचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर यांचा खर्च आहे, पण वेगवान इलेक्ट्रॉनिक्स जुळवत सेमिस्टर घालवण्यापेक्षा तो परवडतो.

सॉलिटॉन मिळाल्याची खूण दोन ठिकाणी दिसते. नॉइज एकदम तळाला बसतो आणि स्पेक्ट्रमचा माथा सेक-वर्ग (sech²) या घंटेच्या आकाराच्या वक्रासारखा गुळगुळीत होतो. माथा खडबडीत पण ठरावीक लयीत वर-खाली असेल तर रिंगमध्ये एकापेक्षा जास्त सॉलिटॉन आहेत. अशा वेळी लेझर हलकेच उलट, निळ्या बाजूला आणला की ते एकेक करून गळतात. एखाद-दुसरीच रेष अचानक उंच किंवा ठेंगणी असेल तर तिथे रिंगमधले दोन मोड (प्रकाश बसण्याचे वेगळे नमुने) एकमेकांना छेदताहेत. पंपासाठी दुसरा रेझोनन्स निवडा.

सोलापूरचं हवामान इथे थेट मोजणीत येतं. नायट्राइडचा रेझोनन्स एका अंशाला २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास सरकतो, म्हणजे क्यू १० लाख असलेल्या डिपच्या रुंदीच्या दहापट. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश असताना एसीचा कॉम्प्रेसर बंद-चालू होतो आणि खोली एक-दोन अंश हलते. चिपखाली टीईसी (विजेने गार-गरम करणारी चकती), थर्मिस्टर (तापमान मोजणारा) आणि ०.०१ अंश पाळणारा कंट्रोलर लावा. स्टेजवर अ‍ॅक्रिलिकची पेटी झाका आणि एसीचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. चिपचं तापमान खोलीपेक्षा पाच अंश वर ठेवा. ऑनलाइन यूपीएस लेझर, अ‍ॅम्प्लिफायर आणि टीईसी तिन्हींना द्या. वीज गेली तर टीईसीचा तोल जातो आणि स्टेजसकट सगळं पुन्हा स्थिर व्हायला तासभर जातो. लॅब अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे असेल तर यंत्रमागांची थरथर आणि हवेतले सुताचे तंतू दोन्ही येतात. ऑप्टिकल टेबल तळमजल्यावर घ्या. लेन्स्ड फायबरच्या टोकावर तंतू बसला तर पॉवर वाढवताच तो जळून चिकटतो. ते टोक कापडाने पुसू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून वाळू द्या.

चिप येईपर्यंत लुजियातो-लेफेव्हर समीकरण (रिंगमध्ये फिरणारा प्रकाश कसा बदलतो ते सांगणारं) पायथनमध्ये स्प्लिट-स्टेप पद्धतीने सोडवा, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात उष्णतेची एक ओळ जोडली की पायरी विझताना स्क्रीनवरच दिसते. आणि पहिला ट्रान्समिशनचा आलेख मिळाला की पॉवर आणि स्कॅनचा वेग लिहून इथे टाका, डिपचा आकार बघून पंप कुठल्या रेझोनन्सवर ठेवायचा ते सांगता येईल.