फायटर गेम चांगले जमतात, पण मोठ्या अंतराळजहाजांच्या लढाईत मी सारखा का हरतो?

तुम्ही लिहिलंय की छोटी याने उडवायच्या गेममध्ये तुमचा नेम पक्का आहे, पण स्टारसेक्टर या अंतराळयुद्धाच्या गेममध्ये क्रूझर (मोठं जहाज) किंवा कॅपिटल शिप (सगळ्यांत मोठं) हाती आली की चोहोबाजूंनी मार बसतो. जॉयस्टिक घेतली तर फरक पडेल का, हेही विचारलंय.

नेमाचा इथे फारसा संबंध नाही. फायटरमध्ये फसलात तर नाक वळवून क्षणात निसटता येतं. कॅपिटल शिपला नुसतं वळायलाच इतका वेळ लागतो, की आत्ता अंगावर जे कोसळतंय ते तुम्ही मघाशी कुठे शिरलात तेव्हाच ठरलेलं असतं. म्हणून 'आता काय करू' यापेक्षा 'थोड्या वेळाने माझी कुठली बाजू कोणाकडे असेल' हा प्रश्न सतत डोक्यात हवा.

खऱ्या पोकळीत इंजिन बंद केलं तरी जहाज त्याच वेगाने जात राहील. पण यातले बहुतेक गेम जहाजाला कमाल वेग ठरवून देतात, आणि मग लढाई थेट समुद्रावरच्या युद्धासारखी होते. 1905 साली त्सुशिमाच्या लढाईत अ‍ॅडमिरल तोगोने आपली रांग रशियन रांगेच्या तोंडापुढून आडवी नेली. जपानी जहाजांच्या एका बाजूच्या सगळ्या तोफा चालत होत्या, रशियनांना मात्र मुख्यतः पुढच्या जहाजांवरच भिस्त ठेवावी लागली. ही कल्पना बॅटलफ्लीट गॉथिक: आर्माडा या गेममध्ये (2016) जवळपास जशीच्या तशी आहे. तिथे कित्येक जहाजांच्या तोफा बाजूंना असतात, त्यामुळे शत्रूकडे तोंड करून धावत सुटलात तर तुमचा बराचसा दारूगोळा गप्पच बसतो. होमवर्ल्ड गेममधल्या (1999) आयन कॅनन फ्रिगेट या जहाजाचं नेमकं उलट: तोफ नाकातच बसवलेली, नेम धरायला अख्खं जहाज वळवावं लागतं. कुठलंही नवीन जहाज मिळालं की आधी त्याच्या तोफा कोणत्या दिशांना फिरतात ते बघा. माझ्या मते वेग, आर्मर (जहाजाचं चिलखत) वगैरे आकडे त्यानंतर.

आता स्टारसेक्टर. तुमची खरी अडचण बहुधा फ्लक्सची, म्हणजे जहाजात साठत जाणाऱ्या ताणाची, आहे. हा गेम उत्तम का आहे त्याचं उत्तरही तेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तोफ डागली की फ्लक्स वाढतो, शील्डवर (जहाजाभोवतीच्या ऊर्जेच्या ढालीवर) मारा झेलला तरी वाढतो. दोन्ही एकाच टाकीत साठतं. शील्डवर मारा झेलून टाकी काठोकाठ भरली की जहाज ओव्हरलोड होतं, आणि मग काही सेकंद शील्ड नाही, तोफाही नाहीत. फायटरची सवय असलेला माणूस बटण दाबून धरतो, शील्ड कायम वर ठेवतो आणि दोन्हीकडून टाकी भरत जातो. त्यात आणखी एक मेख आहे. गोळीबाराने वाढणारा फ्लक्स 'सॉफ्ट', तो आपोआप ओसरत राहतो. शील्डवर गोळे आदळून वाढणारा 'हार्ड', आणि शील्ड वर आहे तोवर तो उतरतच नाही. (बीम, म्हणजे किरण सोडणारी, शस्त्रं शील्डवर सॉफ्ट फ्लक्सच चढवतात, म्हणून नुसत्या बीमने तगडं शील्ड फोडताना दमछाक होते.)

म्हणजे काही वेळा शील्ड मुद्दाम खाली घेऊन मारा आर्मरवर घ्यायचा असतो. हे मनाला पटायला जड जातं, पण मोठ्या जहाजाला जाड आर्मर त्यासाठीच दिलंय. काय झेलायचं आणि काय नाही, हे शस्त्रावरून ठरतं. कायनेटिक (ठोस गोळ्यांचा) मारा शील्डवर दुप्पट आणि आर्मरवर निम्मा लागतो, हाय एक्स्प्लोसिव्हचं (स्फोटक माऱ्याचं) बरोबर उलट. समोरून कायनेटिक गोळ्यांचा पाऊस येतोय? शील्ड पाडा, आर्मरवर घ्या. टॉर्पेडो येतोय? तेव्हा मात्र शील्ड हवंच, आणि त्या क्षणासाठी टाकीत जागा शिल्लक हवी. मी तरी टाकी निम्म्यापुढे गेली की तोफांपैकी निम्म्या गप्प करतो. कंजूषपणा वाटेल, पण ओव्हरलोडपेक्षा बरा.

'व्ही' बटण दाबून टाकी झटकन रिकामी करता येते, पण तेवढ्या वेळात शील्डही नसतं आणि तोफाही नसतात. शत्रू टप्प्यात असताना असं करणं म्हणजे आ बैल मुझे मार. आधी मागे सरका, मग करा. इथेच साथीची जहाजं कामाला येतात. दोन डिस्ट्रॉयर (क्रूझरपेक्षा लहान जहाजं) बाजूला असतील तर तुम्ही मागे हटल्यावर शत्रूला कोणाकडे तरी तोंड करावंच लागतं. एकट्याने पुढे घुसून चारी बाजूंनी मार खाणं हे कॅपिटल शिप नवीन असताना सगळ्यांचंच होतं. त्यात ऑनस्लॉट नावाची कॅपिटल शिप असेल तर विचारूच नका. तिचा बर्न ड्राइव्ह एकदा सुरू झाला की जहाज सरळ पुढे सुसाट सुटतं, आणि बघता बघता आपण शत्रूच्या मधोमध.

म्हणून कॅपिटल शिप काही काळ बाजूला ठेवा. डिस्ट्रॉयर घ्या: फ्लक्सचे नियम तेच, पण चूक सुधारायला वेळ मिळतो. नंतर कॉन्क्वेस्ट ही कॅपिटल शिप घेऊन बघा. तिच्या तोफा बाजूंना आहेत, त्यामुळे शत्रूला बगलेवर ठेवून त्याच्याभोवती फिरायची सवय आपसूक लागते. पॅरागॉन या कॅपिटल शिपने सुरुवात करू नका. तिचं फोर्ट्रेस शील्ड इतकं भक्कम आहे की सगळ्या चुका पोटात घालते आणि तुम्ही काहीच शिकत नाही.

जॉयस्टिकवर पैसे घालवू नका. स्टारसेक्टर वरून दिसणारा, सपाट पटावरचा गेम आहे आणि माउस-कीबोर्डसाठीच बनवलाय. त्यापेक्षा दोन बटणं अंगवळणी पाडा: स्पेसने पॉज आणि टॅबने रणांगणाचा नकाशा. पॉज करणं म्हणजे लबाडी, असं काही जण म्हणतात. म्हणू द्या. 'यू' बटणाने जहाज ऑटोपायलटवर टाकून थोडा वेळ नुसतं बघत बसायलाही हरकत नाही. शील्ड कधी खाली घ्यायचं आणि कधी मागे हटायचं, यात संगणक बऱ्याचदा आपल्यापेक्षा शहाणा असतो.