चिपळूणला गाडीचं इंजिन रिमॅप करून (म्हणजे ताकद वाढवायला त्याच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून) मोठे अलॉय व्हील बसवायचे आहेत. इन्शुरन्स किती वाढेल?

थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीचा हप्ता वाढत नाही. तो इंजिनच्या सीसीवर सरकार ठरवतं. 2022 च्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला 3,416 रुपये, वर जीएसटी. वाढतो तो ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अलॉयची किंमत सांगून पॉलिसीत चढवून घ्या, बिल जपून ठेवा.

रिमॅप मात्र करू नका, कळकळीने सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. कुंभार्ली घाटात गाडी कठड्यावर आपटली आणि नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरला कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर क्लेम अडकलाच म्हणून समजा.

त्यापेक्षा त्याच पैशांत इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनच्या नुकसानीसाठीचं जादा कव्हर घ्या. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरतं, तेव्हा पाण्यात गाडी चालू केल्याने बसलेलं इंजिन साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही.