सासरे सांगत नाहीत, नवरा विचारत नाही

प्रश्न : माझं सासर आयर्लंडमधल्या अॅथलोनचं. सासरे एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त सैनिक. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून चारदा लेबनॉनला गेले, दर वेळी सहा महिने. माझे मिस्टर जन्मले तेव्हाही ते तिथल्या तिबनीन गावच्या छावणीत होते. सासूबाई गेल्यापासून एकटे राहतात, दर रविवारी बुटांना पॉलिश करत बसतात. हॅलोविनच्या रात्री आमच्याकडे आले होते. बाहेर फटाका फुटला आणि त्यांनी माझ्या पाच वर्षांच्या मुलाला दंडाला धरून टेबलाखाली ओढलं, वर जोरात ओरडले. मुलगा थरथरत होता. मिस्टर त्यांना म्हणाले, ‘यापुढे इथे येऊ नका.’ तेव्हापासून दोघांचे निरोप मीच पोचवते. काय करू?

उत्तर : ताई, आधी निरोप पोचवणं बंद करा. त्या दोघांचं भांडण तुम्ही या घरात येण्याआधीपासूनचं आहे, आणि ओझं मात्र तुम्ही वाहताय.

तुमच्या पत्रातला एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला : टेबलाखाली. त्या क्षणी आजोबा नातवाला वाचवत होते. हे मुलाला त्याच्या भाषेत सांगा : ‘आजोबांना वाटलं वरून काहीतरी पडतंय, म्हणून तुला आत घेतलं.’ दंड दुखला, भीती वाटली, हेही खरंच आहे असं सांगा.

मिस्टरांचा राग मला रास्त वाटतो. चार खेपा म्हणजे दोन वर्षं. पण परत आलेला बाप घरात असूनही नसेल, तर मुलाच्या हिशेबात ती वर्षं वाढतच जातात. त्यांना माफ करायला लावू नका.

आयर्लंड तटस्थ देश, त्यात ‘शांतिसेना’ हा शब्द. घरच्यांना वाटतं, निळी टोपी घालून पहारा दिला असेल. 1978पासून आयरिश सैनिक दक्षिण लेबनॉनमध्ये जात आले, आणि चाळीसहून जास्त जण तिथे मेले. अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाने जेवणाच्या टेबलावर काय सांगायचं?

सासऱ्यांना त्यांच्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन जा आणि फटाक्याचा प्रसंग जसा घडला तसा सांगा. जुन्या शांतिसैनिकांची ‘आययूएनव्हीए’ ही संघटना आहे, तिच्या शाखांना ‘पोस्ट’ म्हणतात. तिथे लेबनॉन म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

भेट त्यांच्याच घरी, दिवसाउजेडी ठेवा. मिस्टर आले नाहीत तरी चालेल. येत्या रविवारी मुलाला घेऊन जा, त्याच्या हातात बुटाचा ब्रश द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात चहा करत थांबा, दार उघडं ठेवून.