थंडीत मायलेज का घटते?

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत माझी पेट्रोल गाडी कमी मायलेज देते. सकाळी इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवून गरम करावे का? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तसे मुळीच करू नये, कारण उभ्या गाडीत पेट्रोल जळते आणि अंतर मात्र काहीच कापले जात नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नसल्याने ते जास्त प्रमाणात सोडले जाते, आणि दाट झालेल्या ऑइलमुळे घर्षणही वाढते. म्हणून अर्ध्या मिनिटात निघावे व पहिले काही किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबावा. ठाण्यातील थंडी सौम्यच असते. माझ्या मते खरे नुकसान छोट्या फेऱ्यांमुळे होते. मानपाड्याच्या बाजारापर्यंत जाऊन परतताना इंजिन पुरते तापतही नाही, तेव्हा जवळची कामे शक्यतो एकाच फेरीत उरकावीत.

टायरकडे मात्र आवर्जून लक्ष द्यावे. तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने उतरले की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने घटतो आणि गाडी जड चालते. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेला दाब सकाळी, टायर थंड असतानाच तपासावा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असल्याने तेवढी हवा भरू नये.