पारावरचे पत्ते आणि पोटॅशची गोणी

प्रश्न : आबा, चोपडा तालुक्यात माझी केळी आहे. १३ मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानाला चला म्हणायला पारावर गेलो, तर पत्ते कुटणारे म्हणाले, "आपले काय करनं शे?" युक्रेनच्या युद्धाचा विषय काढला तरी तेच. डोकं फिरतं. काय करू?
– एक केळी उत्पादक

उत्तर : भाऊ, डोकं माझंही फिरतं. मास्तरकीत असताना कितीदा केंद्राध्यक्ष म्हणून बसलो. एकदा भर दुपारी तासभर खोलीत कोणीच नाही, शाईच्या काडीवर माशी बसलेली. समोरच्या रसवंतीवर मात्र वीस-पंचवीस माणसं, घुंगरू जोरात. बरं, कोणीच पसंत नसेल तर २०१३ पासून नोटाचं बटण आहे. तेवढ्यासाठीही कोणी उठेना!

युद्ध त्यांना नकाशातून सांगू नका, गोणीतून सांगा. केळीला पोटॅश हे खत लागतंच. ते आपण जवळपास सगळं बाहेरून आणतो, आणि रशिया, बेलारूस हे त्याचे मोठे विक्रेते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्या वर्षी ५० किलोची गोणी चढ्या भावाने, १७०० रुपयांना घेतली होती ना? जुनं बिल सापडलं तर थेट पत्त्यांच्या मध्ये ठेवा. डाव मोडला तर मोडू द्या.

सगळे ऐकतीलच असं नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ अजून ऐकत नाही. पुढच्या मतदानाला त्याला मोटारसायकलवर मागे बसवूनच नेणार आहे.