वडिलांच्या खांद्याचा सांधा बदलायचा आहे. आतलं प्लास्टिक झिजतं का? किती वर्षं टिकतं?

झिजतं. धातूचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत फिरतोय म्हटल्यावर झिजणारच. पण प्लास्टिक म्हणजे स्वस्तातलं, हे डोक्यातून काढा. आमच्या दादाच्या डोक्यातून ते अजून निघालेलं नाही.

मी रबाळे एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलं. ही वाटी ज्या यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनची, म्हणजे फार लांब रेणूंच्या चिवट प्लास्टिकची असते, त्याच जातीच्या मालाचे बुश (शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, ज्यात बसतो ती नळी) आम्ही काढतो. टेफ्लॉन त्याहून गुळगुळीत, पण खुब्याच्या सांध्यात इंग्लंडचे सर्जन चार्न्ली यांनी आधी तेच घातलं आणि काही वर्षांत त्याचा भुगा झाला. १९६२ मध्ये ते पॉलिथिलीनवर आले. त्याआधी हा माल इंग्लंडच्या गिरण्यांत मागाच्या गिअरला वापरत! (आमचे वडील गिरणीतले, म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक.)

आमच्या आईचा खांद्याचा सांधा २००८ मध्ये बसवला. सुरुवातीला दरवर्षी एक्सरे व्हायचा. मग दादा म्हणाला, "दुखत नाही ना? मग कळव्याहून ठाण्याला फरफट कशाला?" नऊ वर्षं एक्सरे नाही. २०१९ मध्ये फळीवरचा पोह्यांचा डबा काढताना खांद्यात 'कट्' वाजायला लागलं. एक्सरेत वाटीमागे काळी रेघ. वाटी हाडातून सुटून डुगडुगत होती. पुन्हा ऑपरेशन. काढलेली वाटी डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवली. पिवळसर, एका कडेने वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी उतरलेली. बुश असा एकीकडे खाल्ला की आम्ही आधी शाफ्ट बघतो. इथेही वरचा स्नायू ढिला पडून गोळा मधोमध राहिला नव्हता.

दादा लगेच, "बघ, प्लास्टिक!"

अरे, वाटी पातळ झाली हे दुखणं नव्हेच. दुखणं भुग्याचं. त्यातले कितीतरी कण मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक, आमच्या मायक्रोमीटरलाही न सापडणारे. शरीरातल्या पेशी ते गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि त्या खवळण्यात भोवतालचं हाड पोखरलं जातं. दुखेपर्यंत बरंच हाड गेलेलं असतं.

वर्षांचं म्हणाल तर दहा वर्षांनी दहातले साधारण नऊ सांधे जागेवर असतात.

अर्थात मी टर्नर, डॉक्टर नाही. वडिलांचे स्नायूच फाटले असतील तर उलटा सांधा बसवतील, म्हणजे गोळा खवाट्याकडे आणि वाटी दंडाकडे. त्यात वाटीची खालची कड हाडाला घासू शकते, ते सर्जनलाच विचारा. आणि एक्सरेची तारीख स्वतःच्या मोबाइलमध्ये टाका, भावाच्या भरवशावर नको.